एवढा एक ‘मी’

सरांना सगळं कॉलेज ‘कर्मणी सर’ म्हणायचं. तोंडावर नव्हे अर्थात, तेवढी कोणाच्या बापाची हिंमत नव्हती. माणूस वनस्पतींवर संशोधन करणारा, पण विद्यार्थ्याच्या इंग्रजी शोधनिबंधात कुठे ‘मी’ किंवा ‘आम्ही’ दिसला की लाल पेन्सिल सपासप चालायची. ‘आम्ही रोपं मोजली’ चालायचं नाही. ‘रोपं मोजली गेली’ असंच हवं. “तुम्ही कोण टिकोजीराव लागून गेलात?” ते विचारायचे. “उद्या दुसऱ्या कोणी मोजलं तरी आकडा तोच यायला हवा. बाजूला व्हा, रोप दिसू द्या.”

आणि खरं सांगायचं तर जन्मभर ते स्वतःही बाजूलाच उभे राहिले. सत्कार नको, भाषण नको, ग्रुप फोटोत कडेला अर्धा खांदा तेवढा दिसायचा.

त्यांच्या हाताखालची शेवटची विद्यार्थिनी म्हणून तिला सगळे शेंडेफळ म्हणत. आता ती स्वतः शिकवत होती, चाळिशीचा चष्मा लागला होता, पण शेंडेफळ काही सुटलं नव्हतं. सर निवृत्त झाले तरी दोघांचं काम चालूच होतं. अंधारात रोपं कशी वाढतात, हा त्यांचा विषय. कॉलेजच्या मागच्या अंगाला त्यासाठी एक खोली होती, काचा काळ्या रंगवलेल्या, आत एक मिणमिणता हिरवा दिवा आणि रोपांच्या ट्रेंचं बंद कपाट. त्या हिरव्या उजेडाचं रोपांना फारसं काही वाटत नाही. पांढरा उजेड पडला की मात्र सगळी मेहनत पाण्यात. हे तिला सरांनीच शिकवलं होतं.

आणि एका सकाळी ती येऊन बघते तर खोलीचं दार सताड उघडं, ट्यूब लख्ख पेटलेली, आणि टेबलावरच्या ट्रेपुढे सर उभे, हातात पाण्याचा मग.

“किती फिकट पडलीत गं बिचारी,” सर म्हणाले. “कोणी ठेवलं यांना अंधारात?”

रोपांकडे तिने पाहिलंही नाही. तिने ट्यूब बंद केली, सरांच्या हातातला मग काढून घेतला आणि त्यांना घरी पोचवलं. सरांच्या बायकोने, काकूंनी, दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “आता तिकडेही सुरू झालं का?”

निबंध लिहिताना तिने लिहिलं, ‘एक ट्रे उजेडात आला, म्हणून तो वगळण्यात आला.’ कर्मणी प्रयोगाचे एवढे उपकार तिला उभ्या आयुष्यात वाटले नव्हते. कोणी काही केलंच नाही, जणू उजेड आपल्या पायांनी चालत आला.

पण निबंध पाठवला त्या मासिकाचा परीक्षक महाखडूस निघाला. त्याने विचारलं, उजेडात आला म्हणजे कसा? खोलीलाच फट असेल तर कपाट उघडेल तेव्हा उजेड आत गेलाच, तुमच्या सगळ्या ट्रेंवर पाणी सोडा. कोणी दिवा लावला असेल तर तसं स्पष्ट लिहा, मग बंद कपाटातले बाकीचे ट्रे आम्ही ग्राह्य धरू. उत्तर आलं नाही तर निबंध परत. बरं, माणसाचं काही चुकीचंही नव्हतं.

हा सरांचा शेवटचा निबंध होता. तिला ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं आणि चांगल्या दिवशी सरांनाही. खरं लिहावं तर ज्या माणसाने जन्मभर स्वतःचं नाव पुढे केलं नाही, त्याचं नाव या एका गोष्टीसाठी पुढे येणार. न लिहावं तर इतक्या वर्षांचं काम मातीत. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तिने आपल्यापुरता एक मार्ग काढला आणि कोणाला सांगितला नाही.

दोघांचा एक जुना रिवाज होता. निबंध छपाईसाठी शेवटचा पाठवण्याआधी एकाने तो मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचा. तो मोडायचं तिच्या जिवावर आलं. दुपारी ती त्यांच्याकडे गेली. दिवस चांगला होता, सरांनी दाढीबिढी केली होती. आतल्या खोलीत काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ती वाचू लागली. त्या वाक्यापाशी तिने वेग वाढवला. ‘मी, पहिल्या लेखिकेने, चुकून पांढरा दिवा लावला.’

“थांब.” सरांनी डोळे उघडले. “तू?”

“हो सर. अंधारात हात लागला.”

“अगं, इतकी वर्षं काय झक मारली आपण? तू असं करावंस?”

“चुकलं, सर.” बोलणी खाताना तिला बरंच वाटत होतं. खाऊन घेऊ, संपेल एकदाचं.

पण सर बोटांनी खुर्चीचा हात चाचपत राहिले.

“हात लागून तो दिवा लागत नाही,” ते हळूच म्हणाले. “बटणावर पुठ्ठा आहे. चारी बाजूंनी चिकटवलेला. मीच चिकटवलाय, अंधारात कोणाचा हात पडू नये म्हणून. तो पुठ्ठा ओढून काढावा लागतो.” ते थांबले. “आणि तो कशासाठी आहे हे ज्याला आठवत नाही, तोच काढेल.”

तिला मान वर करवेना. आतल्या घड्या थांबल्या होत्या.

“मला आठवत नाही गं,” सर म्हणाले. “पण मीच ना?”

“हो, सर.”

“मग माझं तुझ्या अंगावर का घेतलंस?”

“मला तुम्ही हवे आहात म्हणून,” ती म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आलंच. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, असा त्यांनी कधीच ठेवला नव्हता. मग लाल पेन्सिल मागितली. ‘पहिल्या लेखिकेने’ खोडलं, वर ‘दुसऱ्या लेखकाने’ लिहिलं. ‘चुकून’ खोडून ‘विसरून’ लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण वाक्य सरळ होतं.

“इतकी वर्षं रोपं दिसावीत म्हणून बाजूला झालो,” ते म्हणाले. “लपायला नव्हे.”

काकूंनी चहा आणला. पदराने डोळे पुसून त्या नेहमीसारखं “साखर कमी आहे हं” म्हणाल्या. तिघं चहा प्यायली, इकडचं तिकडचं बोलणं झालं, रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका झाला. सरांनी खिडकीतून बराच वेळ बाहेर पाहिलं.

मग त्यांची नजर समोरच्या कागदावर गेली. त्यांनी तो उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि कपाळाला आठी घातली.

“हे काय? ‘मी’?” ते म्हणाले. “कोण हे टिकोजीराव? कोणी लिहिलं?”

काकूंची कपबशी हातातच राहिली. लाल पेन्सिल सवयीने त्या शब्दावर आली होती.

तिने हात पुढे करून त्यांचा हात धरला.

“एका फार मोठ्या माणसाने लिहिलंय, सर,” ती म्हणाली. “एवढा एक राहू दे.”

सरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, ओठ हलवत, सावकाश.

“राहू दे तर राहू दे,” ते म्हणाले आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.