खिडकीजवळची पेशंट

नर्सांच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर चिमणीच्या आईचा हार घातलेला फोटो होता आणि मेट्रनबाई बोलत होत्या. "इतकी वर्षं आजार अंगावर काढला, पण मोठ्या सिस्टरांनी कधी हूं की चूं केलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या चिमणीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

चिमणी म्हणजे मोठ्या सिस्टरांची एकुलती एक लेक. चाळिशी उलटलेली, अंगाने चांगली भरलेली, चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारी. पण लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. हूं की चूं केलं नाही म्हणे. अहो, तेच तर खरं दुखणं होतं, आणि हे लोक त्याचंच कौतुक करत बसले होते.

आईला सांधे धरण्याचा आजार जडला तेव्हा चिमणी शाळेत होती. सकाळी आईची बोटं लाकडासारखी ताठ झालेली असायची. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून ती बसायची, बोटं जरा वळायला लागली की गणवेश चढवून कामावर. तिथे म्हणे तिचा हात इतका हलका, की सुई टोचलेली पेशंटला कळायचीसुद्धा नाही. घरी बरणीचं झाकण चिमणीने उघडायचं आणि वेणी स्वतःची स्वतः घालायची. "आई, दुखतंय का गं?" विचारलं की "तुझं आपलं काहीतरीच," एवढंच उत्तर. जगाची नाडी बघणारी ही बाई, स्वतःची कुणाच्या हाती देईल तर शपथ.

गोळ्यांनी सांधे कसेबसे सांभाळले आणि मूत्रपिंडांची पार वाट लावली. मग ती दाखल झाली, तीही निवृत्त होईपर्यंत जिथे नोकरी केली त्या स्वतःच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. चिमणीला वाटलं, चला, आता तरी कुणीतरी हिला पेशंट समजून बघेल. कसलं काय. कुणाची शीर सापडत नसली की नर्सा हिलाच विचारायला यायच्या. शेजारची म्हातारी कण्हली की ही सुजलेले पाय खाली सोडून उतरायच्या तयारीत. डॉक्टर सगळ्यांना तपासून हिच्यापाशी यायचे. "काय सिस्टर, कसं काय?"

"उत्तम. तुम्ही आधी त्या कोपऱ्यातल्या मुलीचा ताप बघा."

डॉक्टर हसायचे आणि पुढे जायचे.

शेवटी चिमणीने त्यांना बाहेर गाठलं. "डॉक्टर, ती खोटं बोलते. मी जवळ नाही असं वाटलं की दात आवळून पडलेली असते. दुखण्यावर काहीतरी द्या तिला." डॉक्टर माणूस भला. तसाच परत आला, खाटेशी वाकला आणि म्हणाला, "सिस्टर, लेक म्हणते तुम्हाला फार दुखतंय."

"हिचं काय मनावर घेता? ही बोटाला चरा पडला तरी घर डोक्यावर घेणारी."

अख्खा वॉर्ड हसला. चिमणीही हसली. आईला तिच्याच लोकांसमोर खोटं पाडायचं, ते काही तिच्याने होईना. ती जिन्यात जाऊन पोटभर रडली. भिंतीवर डोकं आपटून काय होणार होतं, टेंगूळ आपल्यालाच.

मूत्रपिंडांनी काम सोडलं तसं आईचं भानही सुटायला लागलं. एका दुपारी चिमणी दुकानातून तशीच तडक आली, घाईत दुकानातला पांढरा कोटही अंगातच राहिला होता.

"उशीर केलात, सिस्टर," आई म्हणाली.

चिमणीने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. आई तिलाच 'तुम्ही' म्हणत होती.

ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणारीला एकेका पेशंटचं सांगते, त्याला त्या चार्ज देणं म्हणतात. चार्ज देताना लपवाछपवी चालत नाही. आई चार्ज देत होती. म्हातारीचं सांगून झालं, तापाच्या मुलीचं सांगून झालं. मग तिने वाकड्या बोटांनी स्वतःच्याच खाटेची चादर चाचपली.

"आणि ही खिडकीजवळची. हिला फार दुखतं हो. अंगावरची चादरसुद्धा सोसत नाही. डॉक्टरांना सांगत नाही, मेली हट्टी आहे. कुणीतरी हात धरून बसावं असं फार वाटतं तिला, पण मागायची नाही."

चिमणीचा हात पुढे झाला आणि तिथेच अडला. चार्ज घेताना नर्स नर्सचा हात धरत नाही. धरला असता तर आईने डोळे उघडून लेकीला ओळखलं असतं, आणि मग पुन्हा सगळं उत्तमच असतं.

"डॉक्टरांना मी आत्ता सांगते," ती कशीबशी म्हणाली.

"सांगा. पण तिला एक मुलगी आहे, चिमणी. तिला कळू देऊ नका. तोंडाने फटकळ आहे, पण मनाने फार हळवी."

"नाही सांगत."

आईने सुटकेचा श्वास सोडला आणि घरी जायला म्हणून पाय खाली सोडले. उठता येईना. तिने दोनदा जोर लावून बघितला, मग ओशाळून चिमणीकडे पाहिलं. "जरा पाय धरलेत. थोडी टेकते इथेच. चालेल ना?"

"चालेल की." चिमणीने ते पाय उचलून अलगद वर ठेवले. चादर घातली नाही.

"भल्या आहात तुम्ही," आई म्हणाली. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आई आहे," चिमणी म्हणाली.