चार चांगले दात

त्या चिमटीला कुणी रीतभात शिकवली आहे की नाही, मित्रांनो? स्वतःची दोन नवी बोटं ती रोज मऊ फडक्याने पुसते, मखमलीच्या डबीत निजवते, चार्जिंगला लावते. आणि मी कुठे? कान तुटलेल्या कपात, खिडकीच्या कट्ट्यावर, साबणाच्या शेजारी. बाहेरून येऊन अंगाचा भाग होण्याचा मान या घरात पहिला कुणाचा? माझा. पण विचारतं कोण.

मी एक जुनी कवळी आहे. दात अठ्ठावीस, एकालाही डाग नाही. माझा जन्म साधासुधा नव्हे. आधी गुलाबी लगद्यात हिरड्यांचं माप घेतलं, मग प्लास्टरचा साचा झाला, मग एका कारागिराने गरम सुरीने मेणात एकेक दात असा बसवला की पाहत राहावं.

माझी मालकीण शिवणकामाचं दुकान चालवते. हाताखाली तीन बायका आणि ही नात. तिच्या चिमटीत कापड आलं की त्याचा पोत बिनचूक सांगायची, म्हणून तिचं नाव चिमटी पडलं.

मी आले तेव्हा काय थाट झाला म्हणून सांगू. पहिले पंधरा दिवस हिरड्यांना फोड आले खरे, पण सोळाव्या दिवशी मालकिणीने सगळ्यांसमोर काकडी कडकन चावली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. जी दोन वर्षं तोंडावर पदर धरून बोलायची, ती गिऱ्हाइकांना पुन्हा फाडफाड बोलू लागली. हे मी केलं. तेव्हा मला यंत्रांची वैरीण समजू नका.

एकच गोष्ट जमली नाही. मालकीण पूर्वी दोरा दातांनी तोडायची. दाताखाली येताच दोरा सुती की रेशमी, नवा की कुजका, तिला कळायचं. मला काही कळलं नाही. दोरा माझ्याखालून निसटला, तीनदा निसटला. त्या दिवसापासून तिच्या गळ्यात कात्री आली. कात्रीने काम नीटनेटकं होतं, असं ती सगळ्यांना सांगते. खरं काय ते मला ठाऊक आहे. तिचे खालचे चार दात ठणठणीत होते. ते ठेवू, मला त्यांचाच आधार होईल, असं डॉक्टर परोपरीने सांगत होते. हिने ऐकलं नाही. सगळेच काढा, सेट कसा एकसारखा दिसला पाहिजे, म्हणाली. ही गोष्ट ती आजवर कुणाजवळ बोलली नव्हती. मानी बाई आहे, माझ्यासारखीच.

आता चिमटीचं ऐका. गेल्या वर्षी कापड कापायच्या मशीनमध्ये तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. सहा महिने तिने सुईकडे पाहिलं नाही. मग ही यंत्राची बोटं आली. पहिलं बटण लावलं त्या दिवशी दुकानात कुणाला काम सुचेना. बोटं अशी सपासप चालत होती की डोळ्यांना दिसत नव्हती. मालकीण इतकी हसली की मी तिच्या तोंडातून पडायचीच बाकी होते. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

पण माणसाचं समाधान कुठे होतं? अंगठा मागे पडतो, चार वाजले की दुखतो, अशी चिमटीची कुरकुर सुरू झाली. उरलेला हात मनगटापासून काढून सगळाच यंत्राचा बसवायचा, तिने ठरवलं. इस्पितळाच्या कागदावर घरच्या मोठ्या माणसाची सही हवी होती. कागद कापणीच्या टेबलावर पसरला. तिन्ही बायका हरखून गेल्या, मालकीणही. पेन तिच्या हातात होतं आणि एवढ्यात एक रेशमी झगा दुरुस्तीला आला, आजच हवा म्हणून.

चिमटीने झगा ओढला. आता बघाच, म्हणाली. बोटं धावू लागली. तिन्ही बायका माना पुढे काढून बघत होत्या. अर्धी शिवण झाली आणि चिमटी मध्येच थांबली.

"का गं थांबलीस?" मालकिणीने विचारलं.

"धागा ताणला गेला, आजी. अजून एक टाका घातला असता तर रेशीम चिरलं असतं."

"कळलं कुणाला?"

चिमटी हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अंगठ्याला."

मालकिणीने पेन खाली ठेवलं. आणि मित्रांनो, जे तिने कधी केलं नव्हतं ते केलं. सगळ्यांदेखत मला तोंडातून काढलं, चिमटीच्या तळहातावर ठेवलं आणि बोळक्या तोंडाने त्या चार दातांची हकीकत पहिल्यापासून सांगितली. दोरा निसटला तेही सांगितलं. मी त्या तळहातावर होते. दोन बोटं माझ्याखाली थंड, घट्ट, तसूभर हलत नव्हती. अंगठा ऊन होता. त्याने मला अलगद सावरून धरलं.

"आजी, मी त्याला पुसतसुद्धा नाही गं कधी," चिमटी म्हणाली.

मालकिणीने मला धुतलं, पुन्हा जागेवर बसवलं. पुढचे शब्द तिचे, पण उच्चार माझे. मी एकही अक्षर घसरू दिलं नाही.

"ऐक, चिमटे. जे गेलं तिथे खुशाल यंत्र लाव, चांगल्यातलं चांगलं लाव, मी मिरवेन. जे आहे ते काढायला माझी सही मिळायची नाही. चार वाजता दुखतो ना अंगठा? मग चार वाजता काम बंद, शेकत बस त्याला. उद्या सकाळी मला तो इथे हवा आहे, आणि ती दोन बोटंही. तिघांना पुरेल एवढं काम आहे माझ्याकडे. आणि माझ्या दातांना एक धड डबी आण."