मामाच्या बोटांवरच्या रेषा

मित्रांनो, मी एक जुना अंगठेबहाद्दर आहे. हसू नका! लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला लोक असे चिडवतात हे मला ठाऊक आहे. पण मला हे नाव खिडकीवरच्या बाईंनी लाडाने दिले. मी बोटांचे ठसे ओळखणारे यंत्र. साबणाच्या डबीएवढा माझा देह, वर एक काच आणि कडेला एक दिवा. ठसा जुळला की हिरवा, नाही जुळला की लाल.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मला एका सरकारी कार्यालयात, तीन नंबरच्या खिडकीत आणून बसवले. मुलांना सांभाळण्यासाठी सरकार जे अनुदान देते, त्याचे अर्ज त्या खिडकीत घेत. कधी आई यायची, कधी आजोबा, कधी आत्या. अर्जावर नाव आहे तोच हा माणूस, अशी साक्ष मी द्यायची.

पहिल्याच दिवशी मी थक्क झालो. केवढी ती रांग, पण एकाची रेघ दुसऱ्यासारखी नाही! कोणाच्या बोटावर भोवरा, कोणाच्या कमान, कोणाच्या पाण्यावरच्या लाटा. एवढीशी जागा, आणि त्यात कधीच पुन्हा न होणारे चित्र!

"आमचा अंगठेबहाद्दर कधी चुकत नाही," बाई सगळ्यांना सांगत. हळूहळू मलाही ते खरे वाटू लागले.

मग एके दिवशी फरशी बसवणारा एक मिस्त्री आला. कडेवर एक भाची, शर्ट धरून दुसरी, आणि कागदांची पिशवी छातीशी धरलेली सगळ्यांत मोठी. मुलींचे वडील आधीच गेले होते, वर्षापूर्वी आईही गेली. तेव्हापासून तिघींचे सगळे हा मामाच करत होता. कागद चोख होते. फक्त ठसा राहिला होता.

त्याने अंगठा ठेवला आणि मी बावचळलो. काचेवर रेघच नव्हती. वीस वर्षे सिमेंट कालवून आणि दगड घासून ते बोट गुळगुळीत झाले होते. माझा दिवा लाल झाला. बाईंनी दहाही बोटे ठेवायला लावली. दहाही वेळा लाल.

"मामा, तू आमचा मामा नाहीस का?" मधलीने विचारले.

"आहे गं. पण याला पटत नाहीये."

बाई आत साहेबांना विचारून आल्या. ठशाशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. पुढचा शुक्रवार शेवटचा, मग एकदम पुढच्या वर्षी.

मामाचा चेहरा उतरला. "बाई, हे पैसे मिळाले तर धाकटीला पाळणाघरात ठेवता येईल. नाहीतर मोठीला शाळा सोडून घरी बसावं लागेल."

मोठी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

बाईंनी त्याचा हात उलटा करून पाहिला. "कातडी झिजलीये. शुक्रवारपर्यंत सिमेंटला हात लावू नका."

"मग खायचं काय?" तो म्हणाला, आणि मुलींना घेऊन निघून गेला.

मला वाचा नव्हती. नाहीतर ओरडून सांगितले असते, की धाकटीचे नाक आपल्या बाहीने पुसणारा हा माणूस मामा नाही तर कोण?

शुक्रवारी खिडकी बंद व्हायच्या बेतात ते आले. मिस्त्रीच्या सोबत्यांनी त्याला म्हटले होते, "तू नुसत्या खुणा करून दे, सिमेंटचा माल आम्ही लावतो. मजुरी वाटून घेऊ." घरी मोठीने कपडे धुवायचे काम आपल्याकडे घेतले होते आणि मधली रोज त्याच्या हातांना तेल चोळत होती.

"नवरदेवासारखं ठेवलंय मला," तो बाईंना म्हणाला. पण हात त्याने दोनदा शर्टाला पुसले.

उजवा अंगठा ठेवला. लाल. मधली मोजू लागली. पाच लाल. सात. नऊ.

मग डाव्या हाताची करंगळी काचेवर टेकली, आणि मला रेषा दिसल्या! कोवळ्या, नुकत्या उगवलेल्या गवतासारख्या. तो तरुण असताना घेतलेला, सरकारी नोंदीतला जुना ठसा मी शेजारी धरून पाहिला. तेच वळण, तोच फाटा. आईच्या पोटात असताना उमटलेले चित्र वीस वर्षांच्या सिमेंटखाली टिकून राहिले होते आणि आपल्याच वाटेने परत आले होते. एवढे ठसे पाहिले, पण असे नवल मी पाहिले नव्हते. माझा दिवा हिरवा झाला.

"जुळलं!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की साहेब बाहेर आले. मामा आपल्या करंगळीकडे ती दुसऱ्याची असल्यासारखा बघत राहिला. इतका वेळ गप्प असलेली मोठी भिंतीकडे तोंड करून रडली.

पुढे साहेबांनी वर पत्रे लिहिली. ठसा न जुळणाऱ्यांची ओळख कागदांवरून पटवायची सोय झाली. काही वर्षांनी चेहरा ओळखणारे नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. काचेवर धूळ आहे, वायर अंगाभोवती गुंडाळली आहे.

मित्रांनो, माझी काच कोणी पुसली तर मला आनंदच होईल. पण त्याआधी एक करा. तुम्हाला वाढवणाऱ्या माणसाचा हात आज उजेडात धरून बघा. रेषा पुसट दिसल्या, तर आजची भांडी तुम्ही घासा.