टेकडीवरचं पाणी

प्लंबर मनोहरने नळाच्या तोंडची जाळी फिरवून काढली आणि फरशीवर आपटली. पांढऱ्या क्षाराचे दोन-चार खडे सांडले. कुसुमला वाटलं, सापडला एकदाचा चोर. पण जाळी साफ करून बसवली तरी थंड पाणी धो धो आणि गरम पाणी आपलं करंगळीएवढं.

आठवडाभर हेच चाललं होतं, आणि धार दिवसागणिक आणखीच बारीक होत होती. मनोहरने गीझर उघडून धुतला, नळाचे वायसर बदलले, बोअरच्या खाऱ्या पाण्याला यथेच्छ शिव्याही घालून झाल्या. सौंसरच्या कचेरीत वेळेवर पोचायची घाई असलेला अंकुश रोज सकाळी बादलीसमोर बसून आईवर चिडचिड करायचा, जसं काही पाणी तिनेच अडवून ठेवलं होतं.

गच्चीवर टाकीपाशी गीझरच्या पाइपाचा वेगळा व्हॉल्व्ह होता. पण तिकडे कोणी फिरकलंच नाही, कारण वरचं सगळं पुरं खुलं आहे, असं कुसुमच्या नवऱ्याने, सुखदेवने, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सगळी नोकरी नगरपालिकेत पाणी सोडण्यात काढलेल्या माणसाचा तो शब्द. पांढुर्ण्यातल्या कुठल्या गल्लीसाठी चाकाचे किती आटे फिरवायचे, हे त्याच्या मनगटाला ठाऊक होतं. त्याच्यामागे व्हॉल्व्ह तपासायला जाण्याचा आगाऊपणा कोण करणार? मनोहर तर त्याला गुरूच मानायचा.

"मंग भिंतीतला पाइपच चोंदला, काकू," मनोहर म्हणाला. "उद्या भिंत फोडा लागन."

कुसुमने मान हलवली, पण तिचा जीव भिंतीत नव्हताच. काही महिन्यांपासून सुखदेवचं काहीतरी बिनसलं होतं. चहा पिऊन झाला की तो चहा मागायचा. परवा बाजारातून येताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी थबकला. तिने हात धरला तर म्हणाला, ऊन लागलं वाटते. भर थंडीत. वय झालं की व्हायचंच, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि अंकुशच्या कानावर काही जाऊ दिलं नाही. ज्याला गावाच्या पोटातली नळी न् नळी पाठ, त्याला आपलं घर सापडत नाही, हे पोराला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि एकदा सांगितलं की ते खरं होऊन बसलं असतं. तिला त्याचीच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. जिन्याचं दार उघडं होतं. शाल गुंडाळून ती वर गेली.

सुखदेव टाकीच्या बुडाशी उकिडवा बसला होता. कानाला मफलर, हात गीझरच्या पाइपाच्या चाकावर. मान कलती करून, पाइपाचं ऐकत ऐकत तो चाक जरा जरा आवळत होता.

"काय करून राहिले?" तिने हळूच विचारलं.

त्याने वळून पाहिलं. नजरेत ओळख नव्हती, आदब तेवढी होती.

"थांबा जरा, बाई. खालचा वॉल बारीक करून राहिलो. खालचेच लोक सारं पाणी ओढून राहिले, टेकडीवर चढतच नाही."

कुसुमने कठडा धरला. लग्नाआधी तो तिला बाईच म्हणायचा. टेकडीवरचं शेवटचं घर तिच्या माहेरचं, आणि तिथल्या नळाला पाणी येईल तर शपथ. मग हा नवा माणूस कामावर आला आणि रोज पहाटे खालच्या वस्तीचं पाणी आवळून वर चढवू लागला. खालचे लोक भांडायचे, तो मुकाट ऐकून घ्यायचा. पाणी वर पोचलं की नाही ते त्याला दिसायचं नाही, म्हणून कुसुम टेकडीच्या कडेला येऊन ओरडून सांगायची. तो आवाज ऐकायलाच मी घाईने यायचो, असं लग्नानंतर त्याने सांगितलं, तेव्हा ती किती हसली होती. फार सुखाचे दिवस होते ते.

त्याच्यापासून दोन पावलांवर उभी होती, तरी लांब कुणाला सांगावं तसा आवाज चढवून ती म्हणाली,

"आलं पाणी. टेकडीवर आलं. आता पुरा खोला."

"आलं?"

"घागरी भरून राहिल्या साऱ्यांच्या."

त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने चाक उलटं फिरवलं, अगदी शेवटच्या आट्यापर्यंत, आणि लुंगीला हात पुसत उठला. ती त्याला धरून खाली घेऊन आली.

सकाळी अंकुशची बादली बघता बघता भरली. डोकं पुसत तो स्वयंपाकघरात आला, तो खुशीतच. नळ आपोआप ठीक झाला, आता मनोहरला येऊ नको म्हणून फोन करतो, म्हणाला. मग त्याने विचारलं, "पण झालं काय होतं, आई?"

सुखदेव ओसरीवर चहा पीत बसला होता. कुसुमने दुधाखालचा गॅस बंद केला.

"दार लोटून घे," ती म्हणाली, "अन् बस जरा. तुह्या बाबाचं सांगाचं आहे."