डेस्पिनाच्या दारावरचा कागद

"समुद्राकडची सगळी कौलं नवी, दाराला रंग, आणि तीन दिवस चूल पेटवायला नको!" शेजारीण मारिना बोटांवर मोजत म्हणाली. "बदल्यात काय, तर एक कागद डकवू द्यायचा. माझ्या दारानं काय पाप केलं होतं गं?"

"तुझं दार अॅल्युमिनियमचं आहे," डेस्पिना मिरच्या भाजता भाजता म्हणाली. "खुनाला लाकडी दार लागतं."

राजधानीहून, सोफियाहून आलेली टीव्हीवाली मंडळी महिनाभर गावात खून पाडत होती. एरवी इथला मोठ्यात मोठा गुन्हा म्हणजे शेजाऱ्याच्या होडीचं इंजिन पळवणं. पण मालिकेनं सगळ्यांचं भलं केलं. खानावळवाल्यानं सूप पातळ केलं आणि दर वाढवले. कस्टममधून निवृत्त झालेला स्टामाट दोनदा प्रेत झाला आणि दोन्ही वेळा शिंकला. आता मालिकेतल्या मेलेल्या मच्छीमाराच्या घराला दार हवं होतं.

त्या दारावर दुखवट्याचा कागद लागणार होता. माणूस गेलं की फोटो आणि नाव छापून कागद दारावर डकवायचा. मग चाळीस दिवसांनी, वर्षानं, पुढं दरवर्षी. तो फाडायचा कुणी नाही, वारापाऊस नेईल तेव्हा नेईल. गावातलं एकही दार त्यातून सुटलं नव्हतं, डेस्पिनाचं सोडून. तिचा नवरा लेफ्टेर अकरा वर्षांपूर्वी मासेमारीला गेला. होडी परत आली, तो आला नाही. कचेरीनं त्याला मृत लिहिलं, पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. कागद लाव म्हणून दीर सांगायला आला, तेव्हा डेस्पिना म्हणाली, "आधी तो दाखवा, मग कागद लावते."

म्हणून तिनं टीव्हीवाल्यांना होकार दिला, तेव्हा गाव चकित झालं. डेस्पिनाचा हिशेब मात्र सरळ होता. कागद परक्याचा, फोटो नटाचा, कौलं आपली. मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर उभी राहिलेली बाई ती. तिचं माप चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मंगळवारी सकाळी कागद लागला. कॅमेरा गल्लीच्या पलीकडे. तासाभरानं उतारावरून कालिओपाआजी चढून आली. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, हातात दोन कार्नेशन होती. जिवंत माणसाला एक किंवा तीन फुलं द्यायची, गेलेल्याला दोन. मागं आणखी सहा बायका, प्रत्येकीच्या हातात दोन-दोन.

"घेतलंस एकदाचं मनावर, पोरी!" आजीनं डेस्पिनाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अकरा वर्षं थांबलेय मी. म्हटलं, हिच्या कागदाआधी माझाच लागतो की काय!"

डेस्पिना सांगणारच होती, की आजी, हा मिशीवाला कुणी दुसराच आहे, उद्या उठून जेवेल. पण म्हातारी रडायला लागली होती आणि बाकीच्या हात पुढे करून उभ्या होत्या. मेलेल्याच्या नावानं त्या घरचे गोड गहू घ्यायचे आणि त्याच्यासाठी क्षमा मागायची, हा रिवाज. डेस्पिनाच्या घरात उकडलेला एक दाणा नव्हता.

तिनं ओळीवरून नजर फिरवली. शेवटी मारिना उभी होती. दोन फुलं घेऊन. आणि मारिनाच्या नाकावर चष्मा होता.

म्हणजे सगळ्याच चुकून आल्या नव्हत्या.

डेस्पिना जरा वेळ उभी राहिली, काट्यावरचं माप स्थिर होईपर्यंत उभी राहायची तशी. मग गल्ली ओलांडून टीव्हीवाल्यांच्या चहाच्या टेबलाशी गेली आणि बिस्किटांचं अख्खं ताट उचललं.

"अहो बाई, ती युनिटची आहेत!" चहावाली ओरडली.

"आता लेफ्टेरची."

ताट घेऊन ती दारात आली. "लेफ्टेरसाठी," म्हणत एकेकीच्या हातावर बिस्कीट ठेवत गेली. "देव त्याला क्षमा करो," म्हणत त्या घेत गेल्या. सातही जणी.

दिग्दर्शक धावत आला. "मावशी, कमाल केलीत! सगळं टिपलंय. फक्त नाव चुकलं बघा. आपल्या मयताचं नाव मार्टिन."

"तुमच्या मयताचं," डेस्पिना म्हणाली आणि तिनं रिकामं ताट त्याच्या हातात दिलं.

दुपारी ती यानाकीच्या छापखान्यात गेली. पर्समधून लेफ्टेरचा फोटो काढला. तो आधीपासूनच बरोबर मापात कापलेला होता.

"किती प्रती, काकू?"

"एक. दार एकच आहे."

"वर काय घालू? 'अकरा वर्षं झाली'?"

"'दुःखद वार्ता' घाल," डेस्पिना म्हणाली. "आजच कळलीय."

यंत्र घरघरलं. कागद बाहेर आला. तिनं तो उजेडात धरून नाव, आडनाव, सन सगळं तपासलं आणि काउंटरवर वीस लेव्हाची नोट ठेवली.

"राहू द्या हो, काकू. लेफ्टेरकाकांनी मला पोहायला शिकवलंय. तुमच्याकडून काय घ्यायचं?"

"घे म्हणते ना."

फुलं बायकांची होती, बिस्किटं कंपनीची. कागदाचे पैसे डेस्पिनानं दिले, आणि उरलेली मोड मोजून परत घेतली.