रडता रडता आहेर

नववीत शाळा सोडली तवापासनं म्या जळकोटच्या जत्रंतल्या नाटकात काम करती. कोंडीराममामा राजा होतेत, म्या कधी राणी, कधी राणीची सवत. मामांनी एका पिच्चरमध्ये मढं बी केलंय, म्हणून ॲक्टिंग तेच शिकवितेत.

परवा गावात सिरीयलची शूटिंग आली. मला एक शिन मिळाला. सासू सुनंला घराबाहेर काढती, सुनंनं उंबऱ्यावर बसून रडायचं आन म्हणायचं, "आत्याबाई, म्या हितनं हलणार न्हाय." बरा झाला तर पुढचे भाग बी माझे. न्हाय तर आईनं शिलाई मशीन पुसूनच ठेवली हुती.

"ॲक्शन!"

असली रडले की बघाया आलेल्या बायांनी पदर डोळ्याला लावला. तेवढ्यात गर्दीतनं बंडप्पाकाका सरळ कॅमेऱ्यापुढं आले आन टावेल-नारळ माझ्या हातात दिला. आमच्याकडं नाटकात काम आवडलं की मधीच आहेर करतेत, आन कलाकारानं थांबून नाव पुकारायचं असतंय. न्हाय पुकारलं तर माणूस वरीसभर बोलत न्हाय.

म्या डोळं पुसलं, उभी राहिले. "श्रीयुत बंडप्पाकाका यांच्याकडनं टावेल-नारळ! मंडळ आभारी आहे!"

मग खाली बसले आन सोडला हुता तिथनंच हुंदका धरला.

"कट! कट!" डायरेक्टर सर थयथय नाचायले. "कोण हा म्हातारा? हाकला!"

काका म्हणले, "का? पोरीचं काम बरं न्हाय झालं?"

"आजोबा, अक्कल आहे का?"

माझं टाळकंच सटकलं. "ओ सर! त्यांला न्हाय बोलायचं!"

मामा मागनं, "शिवांजली, गप की गं बये!"

"ऊन चाललंय," सर म्हणले. "शेवटचा टेक. रड आणि घरी जा."

रडू कुठलं येतंय? अंगाचा नुसता जाळ झालता. ॲक्शन म्हणल्याबरोबर सरांवरचा समदा राग म्या सासूवर काढला. "आत्याबाई! म्या हितनं हलणार न्हाय!"

सासू मुंबईची मोठी नटी. ती मागं सरकली, आपलं वाक्य इसरली, आन म्हणली, "बरं बरं... ये आत."

म्या उंबरा वलांडून आत गेले बी, तवा कुठं सरांनी कट म्हणलं.

"सून आत आली तर पुढं काय दाखवू मी?" सर डोस्कं धरून म्हणले.

म्या म्हणलं, "आता सासूला भाईर काढती की."

सरांनी माझ्याकडं बघितलं, सासूकडं बघितलं, आन सिरीयल लिहिणाराला फोन लावला. "ऐक, सून हीच. रडणं सगळं खोड, आता सासू बाहेर."