एकाच हस्ताक्षरातल्या दोन विज्ञानकथा

वलीभाईंनी दुसऱ्या कथेचं शेवटचं पान उलटलं आणि चष्मा काढून पुसला. संपत मास्तर समोरच्या स्टुलावर अवघडून बसले होते. वलीभाई म्हणजे जुन्नरच्या बाजारात चाळीस वर्षं पुस्तकांचं बाइंडिंग करणारा माणूस; हाती आलेलं प्रत्येक पुस्तक आधी वाचून काढी आणि भीडभाड न ठेवता मत देई.

मास्तरांना तेच हवं होतं. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या विज्ञानकथा दिवाळी अंकांत येत. जवळच्या खोडदला आभाळाकडे तोंड केलेल्या रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या, तेव्हा 'मी हे आधीच लिहून ठेवलंय' म्हणून ते गावभर सांगत सुटले होते. हल्लीच्या विज्ञानकथांत काही राम नाही, हेही उठताबसता ऐकवत. आणि मग लेकीनं, समृद्धीनं, आपली पहिली विज्ञानकथा त्यांच्या हातात ठेवली. बाबा, खरं सांगा, बरी नसेल तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणाली. कथा वाचून मास्तर घाबरले. आवडली होती, पण पोटची पोर म्हणून आवडली की खरंच चांगली होती, हे काही केल्या कळेना. शेवटी आपली सर्वांत गाजलेली कथा आणि तिची, दोन्ही त्यांनी स्वतःच्या हातानं कोऱ्या कागदांवर उतरवल्या आणि नाव न घालता वलीभाईंपुढे ठेवल्या.

"पयलीतलं यंत्र झकास हाय," वलीभाई म्हणाले. "पर माणसं नुसती यंत्राभवती उभी."

मास्तरांना जरा लागलंच.

"आणि दुसरी?"

दुसरीत आई मंगळावर कामाला गेली होती. 'जेवलीस का' हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचायला बारा मिनिटं लागत, उत्तर यायला आणखी बारा. तोवर घरची पोर ताटाला हात लावत नव्हती.

"त्या पोरीनं घास घेतला, तवा माजा जीव भांड्यात पडला." वलीभाईंनी कागद नीट जुळवले. "अक्षर वळखलं मी, मास्तर. ही तुमची जुनी आन ही नवी. लई सुधारलात राव. आता थांबू नका."

मास्तरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांनी वलीभाईंचं पेन मागून घेतलं, दुसऱ्या कथेच्या शीर्षकाखाली लेकीचं नाव लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे फिरवला.

"थांबायची नाही ती आता," ते म्हणाले.